टाकी भरून वाहतेय, पण पाणी येतंय कुठून ते आधी शोधा

पहाटे पावणेसहाला गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज यायला लागायचा आणि झोप तिथेच संपायची. आमचं कोपरखैरण्यात सिडकोचं रो-हाऊस आहे, वर एक मजला चढवलेला, गच्चीवर १००० लिटरची टाकी, अंगणात जमिनीखाली दुसरी टाकी आणि दोन्हीच्या मध्ये पंप. पहाटे पाण्याला प्रेशर चांगलं असतं म्हणून पालिकेची लाईन थेट वरच्या टाकीलाही दिलेली आहे, तिच्या तोंडाला बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या बॉलने पाणी बंद करणारा नळ), आणि प्रेशर नसेल त्या दिवशी पंप लावायचा. आमच्या लाईनीतल्या बऱ्याच घरांत अशीच व्यवस्था आहे. तर तीन महिन्यांत दोन बॉल कॉक बदलून झाले, एकदा वॉशर बदलून झाला, प्लंबर दर वेळी म्हणायचा झालं काम, आणि दोन-चार दिवसांनी परत तेच. शेवटी कारण सापडलं ते गच्चीवर नाही, किचनच्या सिंकखाली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, तसंच झालं होतं.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. टाकी वाहायला लागली की आपण पहिल्यांदा बॉल कॉकच बदलतो, आणि खूपदा दोष त्याचाच असतो हेही खरंय, पण पाणी कधी येतंय आणि कुठल्या तोंडातून येतंय हे बघितल्याशिवाय पान्याला हात लावू नका. यातलं बहुतेक सगळं घरच्या घरी तपासता येतं, सामान म्हणजे टॉर्च, खडू, दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ.

त्याआधी जपून राहायच्या दोन गोष्टी. टाकीत फ्लोट स्विच (पाणी भरलं की तरंगून पंप बंद करणारा स्विच) किंवा सेन्सरची वायर सोडलेली असेल तर आधी पंपाचा एमसीबी खाली पाडा आणि मगच पाण्यात हात घाला, कारण गच्चीवरच्या वायरींचे जॉइंट नुसती टेप गुंडाळून केलेले असतात आणि पावसात ते ओले होतात. आणि जमिनीखालच्या टाकीत स्वतः कधीही उतरू नका, बंद टाकीत हवा खराब असते, माणूस आत गेल्यावर त्याला कळायच्या आत चक्कर येते. वरून झाकण उघडून टॉर्चने बघायचं, बस. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळं असतं, तर शिडी धरायला कुणालातरी बरोबर घ्या.

वेळ बघा आणि पाणी मोजा

तीन दिवस नुसतं लिहून ठेवा की ओव्हरफ्लो किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता थांबतो. कंटाळवाणं वाटतं पण निम्मं निदान इथेच होतं. पालिकेचं पाणी असतं तेवढ्याच वेळात वाहतंय म्हणजे दोष पालिकेच्या लाईनीवर कुठेतरी आहे, मग तो बॉल कॉक असेल नाहीतर दुसरी एखादी वाट. पंप चालू असतानाच वाहतंय म्हणजे पंप वेळेवर बंद होत नाहीये, तिथे बॉल कॉकचा काही संबंधच नाही. आणि पाणी आलेलं नाही, पंपही बंद आहे, तरी वाहतंय, असं असेल तर मग दुसऱ्या टाकीतून किंवा शेजारच्या जोडलेल्या लाईनीतून पाणी येतंय. दोन टाक्या पाईपने एकमेकींना जोडलेल्या असतील आणि एक टाकी जरा उंचावर बसवली असेल तर उंचावरची भरेपर्यंत खालची वाहत राहते, हेही बघून घ्या.

मग ओव्हरफ्लो पाईपखाली बादली लावा आणि ती किती सेकंदात भरते ते बघा. आमच्याकडे दहा लिटरची बादली ५० सेकंदांत भरत होती, म्हणजे मिनिटाला १२ लिटर, तासाला ७२० लिटर. पाणी साधारण दोन तास असतं, म्हणजे रोज जवळजवळ दीड टाकी पाणी गच्चीवरून गटारात. हे पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून निघून भोकरपाड्याला शुद्ध होऊन इथवर येतं, त्यामुळे तो आकडा कागदावर लिहिला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आकड्याचा दुसरा उपयोग असा की थेंब थेंब गळत असेल तर वॉशर किंवा कचरा, आणि धार लागली असेल तर बॉल, रॉड किंवा दुसरी वाट, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. दुरुस्तीनंतर परत मोजायलाही तोच आकडा कामाला येतो.

हाताने बॉल उचलून बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पाणी चालू असताना झाकण उघडा, बॉल हाताने हलकेच वर उचला आणि बॉल कॉकच्या तोंडाकडे बघा. तीनपैकी एक होणार.

पहिलं, पाणी लगेच थांबलं. म्हणजे व्हॉल्व चांगला आहे, बॉल स्वतःहून पुरेसा वर येत नाहीये. बॉल फिरवून काढा, कानाशी धरून हलवा, आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय, नुसता बॉल मिळतो, पूर्ण कॉक घ्यायची गरज नाही. दुकान उघडेपर्यंत त्यातलं पाणी काढून बॉलवर जाड प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर एक-दोन दिवस निघतात. बॉल चांगला असेल तर तो कुठे अडतोय का बघा. माझी नणंद ठाण्याला पाचपाखाडीत राहते, तिच्याकडे माळ्यावर ३०० लिटरची टाकी आहे, तिचा एक दिवस सकाळी सकाळी फोन आला.

"वहिनी, टाकी रात्रभर वाहिली गं, खालचे काका दोनदा वर येऊन गेले. नवीन कॉक आणायला पाठवू का ह्यांना?"

"नको, थांब. स्टुलावर चढ, हात आत घाल आणि बॉल वर उचलून धर. थांबतंय का पाणी?"

"थांबलं!"

"आता सोड हळूच आणि बघ तो खाली-वर कसा होतो."

जरा वेळ नुसता पाण्याचा आवाज, मग म्हणाली, "अगं हा भिंतीला घासतोय, वर येतच नाहीये."

घराला रंग देताना टाकी सरकवली होती आणि परत ठेवताना ती वेगळ्या कोनात बसली, पाईपला पीळ पडून कॉक आत जरासा फिरला आणि बॉल टाकीच्या आतल्या बाजूला टेकायला लागला. कॉक टाकीला आवळून धरणारा चेकनट सैल करून कॉक सरळ केला, काम झालं, पैसा खर्च नाही.

बॉल मोकळा हलतोय, आत पाणी नाही, तरी लेव्हल ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत जातेय असं असेल तर रॉडची उंची चुकलेली आहे. पाणी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या निदान दोन इंच खाली थांबलं पाहिजे. पितळी रॉड असेल तर व्हॉल्वच्या बाजूला एका हाताने पक्का धरायचा आणि दुसऱ्या हाताने मध्यावर थोडा खाली वाकवायचा, म्हणजे व्हॉल्ववर जोर येत नाही. प्लास्टिकचा रॉड वाकवायला जाऊ नका, तुटतो, त्याला स्क्रू असतो त्याने लेव्हल लावा.

दुसरं, बॉल पूर्ण वर उचलला तरी पाणी थांबत नाही. म्हणजे व्हॉल्व आतून बसत नाहीये, वॉशर झिजलाय किंवा तो जिथे टेकतो त्या सीटवर कचरा अडकलाय. पालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते त्या शटडाऊननंतर पाणी परत सुरू होतं तेव्हा पहिल्या पाण्यात लाईनीतला गाळ आणि बारीक खडी येते, तर शटडाऊनच्या दुसऱ्याच दिवशी टाकी वाहायला लागली तर नव्वद टक्के हेच समजा. बॉल हाताने पूर्ण खाली दाबून जोरात पाणी जाऊ द्या, सोडा, परत दाबा, असं सात-आठ वेळा करा, बऱ्याचदा खडा निघून जातो. नाही निघाला तर मेन व्हॉल्व बंद करून पिन काढा, पिस्टन बाहेर येतो, त्याच्या टोकाला काळा वॉशर असतो. त्यावर नखाने दाबल्यासारखी गोल खाच पडली असेल तर बदला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घेत असाल तर पिस्टनवर पांढरा थर बसतो, तो जुन्या टूथब्रशने आणि व्हिनेगरने निघतो.

यातच प्रेशरची भानगड असते. बॉल कॉक दिवसा नीट बंद होतो आणि पहाटे गळतो, असं का होतं? ११ सेंटिमीटर व्यासाचा बॉल अर्धा पाण्यात बुडाला की त्याला साधारण ३५० ग्रॅमची उचल मिळते, रॉडच्या लांबीमुळे ती व्हॉल्वपाशी कितीतरी पटींनी वाढते, आणि समोरून पाण्याचं प्रेशर तेवढ्याच जोरात ढकलत असतं. प्रेशर वाढलं की बॉल हरतो. उपाय म्हणजे मोठा बॉल, लांब रॉड किंवा दुकानात हाय प्रेशरवाला बॉल कॉक मागायचा. तोपर्यंत टाकीच्या आधीचा गेट व्हॉल्व थोडा आवळून ठेवा.

तिसरं, बॉल कॉकच्या तोंडातून एक थेंबही येत नाहीये आणि टाकी तरी वाहतेय. हे आमचं होतं.

दुसरी वाट

पंप बंद, बॉल कॉकच्या आधीचा व्हॉल्व बंद, पाण्याची पातळी जिथे आहे तिथे टाकीच्या आतून खडूने रेघ, आणि घरात सगळ्यांना सांगायचं की अर्धा तास कुणी नळ उघडू नका. पालिकेचं पाणी चालू असायच्या वेळीच हे करा, नाहीतर काही कळणार नाही. टाकी आधीच काठोकाठ असेल तर एक-दोन बादल्या काढून घ्या मग रेघ मारा. अर्ध्या तासाने रेघ बुडाली असेल तर पाणी वरून येतच नाहीये, खालून येतंय, म्हणजे ज्या पाईपने टाकीतलं पाणी घरात उतरतं त्याच पाईपने उलटं चढतंय.

मला आधी हे पटलं नव्हतं. मग टॉर्च लावून टाकीच्या तळाशी बघत राहिले तर आउटलेटच्या भोकापाशी तळाचा बारीक लालसर गाळ उसळत होता, चहाला उकळी फुटायच्या आधी पूड वर येते ना तसा, थांबत थांबत. पाणी जात असतं तर तो गाळ भोकात ओढला गेला असता. आमची टाकी किचनच्या नळापेक्षा साधारण ८ मीटर उंच आहे आणि १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो प्रेशर लागतं, म्हणजे पहाटे लाईनीला किलोभर प्रेशर असलं तरी पाणी आरामात वर चढतं, आणि नंतर प्रेशर पडलं की थांबतं. म्हणून फक्त पहाटे.

आता ती वाट कुठे आहे ते शोधायचं. टाकीचा आउटलेट व्हॉल्व बंद करून पातळी वाढायची थांबली तर पक्कं झालं की टाकीत न जाता पालिकेचं पाणी सरळ नळाला देणारी थेट लाईन आणि टाकीतून उतरणारी लाईन घरात कुठेतरी जोडल्या गेल्यात. मग जिथे जिथे थेट लाईन आणि टाकीची लाईन शेजारी येतात तिथे जा: सिंकखाली, फिल्टरपाशी, वॉशिंग मशीनचा नळ, बाथरूमचा मिक्सर. आमच्याकडे फिल्टरला दोन्हीकडून पाणी मिळावं म्हणून सिंकखाली टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दोन व्हॉल्व बसवले होते, एक उघडा तर दुसरा बंद ठेवायचा. ज्या दिवशी पाणी यायचं नाही त्या दिवशी टाकीकडचा उघडायचो, दुसऱ्या दिवशी बंद करायचो. बंद केला की दांडी पूर्ण आडवी व्हायला हवी, ती एक बोटभर तिरकी राहत होती, मागे भिंतीला टेकायची म्हणून. डब्यांच्या मागे अंधारात ते कधी दिसलंच नाही. आणि आम्ही दर वेळी तो व्हॉल्व वेगवेगळा फिरवायचो म्हणून टाकी कधी वाहायची, कधी चार दिवस नाही, आणि प्लंबरला वाटायचं त्याचा कॉक लागू पडला.

मिक्सरचंही तसंच. गरम पाणी टाकीवरून गिझरमधून आणि गार पाणी थेट लाईनीवरून दिलेलं असेल, आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून हँडशॉवर नुसता हातातल्या हँडलवर बंद करायची सवय असेल, तर गार लाईनीचं प्रेशर गरम लाईनीतून उलटं टाकीत जातं. मिक्सर बंद करायचा तो मिक्सरवरच.

ही नुसती पाणी वाया जाण्याची गोष्ट नाहीये. लाईनीत प्रेशर असतं तेव्हा पालिकेचं पाणी टाकीत चढतं, आणि लाईन रिकामी झाली की टाकीतलं पाणी उलटं पालिकेच्या पाईपमध्ये उतरतं, म्हणजे आपल्या टाकीत पाल पडलेली असेल, गाळ असेल, तर ते शेजाऱ्याच्या प्यायच्या नळाला. म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवून वेळ मारून नेण्यापेक्षा तो जोडच काढून टाका. आम्ही टी काढली, फिल्टर कायमचा थेट लाईनीवर ठेवला, टाकीकडच्या पाईपला प्लग मारला.

पंप चालू असताना वाहतंय

आधी स्टार्टर बघा, ऑटोवर आहे का मॅन्युअलवर. सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं, एखाद्या दिवशी पाणी कमी आलं म्हणून कुणीतरी मॅन्युअल केलं आणि परत फिरवायचं राहिलं. ऑटोवर असेल तर वरच्या टाकीतला फ्लोट स्विच एकाने वायरला धरून उचलायचा आणि दुसऱ्याने खाली पंपापाशी थांबायचं, उचलल्यावर पंप बंद झाला पाहिजे. इथे पंप चालू ठेवायला लागतो म्हणजे वीज चालू असते, तर टाकीतल्या पाण्यात हात घालायचा नाही आणि वायरचा जॉइंट ओला किंवा उघडा दिसला तर हे करूच नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. फ्लोट पाईपला गुंडाळला गेला असेल तर तो वर येत नाही. सळ्यांचे सेन्सर असतील तर एमसीबी पाडून सळ्या पुसून घ्या, थर बसला की त्यांना पाणी कळतच नाही. आणि फ्लोट, सेन्सर सगळं ठीक असून पंप थांबत नसेल तर स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा भाग) चिकटलेला असतो, ते काम इलेक्ट्रिशियनचंच.

एक चूक बऱ्याच घरात बघितली, पंपाच्या लाईनीलाही बॉल कॉक बसवलेला. टाकी भरली की कॉक बंद होतो आणि पंप बंद तोंडावर चालत राहतो, तापतो, जळतो. पंपाला वीज तोडणाराच स्विच हवा.

खालची टाकी वाहत असेल तर

मेन व्हॉल्व बंद, पंप बंद, रेघ मारा, एक तास थांबा. पातळी वाढली आणि त्याच वेळी वरच्या टाकीची कमी झाली, तर वरचं पाणी पंपाच्या पाईपमधून खाली परत येतंय. नॉन-रिटर्न व्हॉल्व धरत नाहीये, आणि वर पाण्याचा आवाज नको म्हणून कुणीतरी पंपाच्या पाईपला तुकडा जोडून तो पाण्यात बुडवलेला असतो, मग सायफन होऊन टाकी खाली येते. पाईपचं तोंड पाण्याच्या वर मोकळं ठेवा.

वरची टाकी जागच्या जागी आहे आणि खालची तरी भरतेय, तेही पावसाळ्यात, तर टाकीच्या भिंतीतून जमिनीतलं पाणी आत झिरपतंय. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर आहे, भरतीचं पाणी सांभाळायला सिडकोने होल्डिंग पॉन्ड म्हणजे पाणी साठवणारे तलाव बांधले ते उगाच नाही. जोराच्या पावसात जमिनीतलं पाणी टाकीच्या बाजूने वर चढतं, आणि शेजारून ड्रेनेजची लाईन जात असेल तर काय काय आत येत असेल याचा विचार करा. असं दिसलं की त्या टाकीचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला त्या क्षणापासून बंद करा, थेट लाईनीचं भरून ठेवा, आणि टाकी रिकामी करून आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या. यात चालढकल करू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही.

बदलायचाच असेल तर

दुकानात जाताना जुना कॉक बरोबर न्या, अर्धा इंची, पाऊण इंची यात घोळ होतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेने आठ-दहा वेढे, रबरी वॉशर, मग चेकनट हाताने घट्ट आणि पान्याने फक्त पाव फेरा. प्लास्टिकच्या टाकीवर जास्त जोर लावला तर भोकापाशी चीर जाते आणि ती चीर भरून निघत नाही.

वर चढलाच आहात तर ओव्हरफ्लो पाईपही बघून घ्या. तो येणाऱ्या पाईपपेक्षा जाड हवा, अर्ध्या इंचाला निदान एक इंच, नाहीतर पाणी झाकणातून बाहेर येतं. तोंडाला डासांची जाळी हवीच, पण ती दर महिन्याला घासा, कबुतरांची पिसं आणि शेवाळं अडकतं. तो पाईप थेट ड्रेनेजला किंवा पावसाच्या पाईपला जोडू नका, दिसेल अशा जागी पडू द्या, नाहीतर टाकी महिनोन्‌महिने वाहते आणि कळतं ते थेट पाण्याचं बिल आल्यावर. आणि गच्चीवर साचलेलं पाणी त्याच दिवशी झाडून काढा, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवीन डास उडतात.

दुरुस्ती झाली की खडूची रेघ पुसू नका. सलग चार दिवस पहाटे, पाणी जोरात असताना, टॉर्च घेऊन वर जा आणि रेघ बघा. आमच्याकडे पाचव्या दिवशीसुद्धा रेघ कोरडी होती आणि आउटलेटपाशी गाळ शांत बसलेला होता.